लिंटल फुटतं ते आतून

आमचं इंदूरचं घर 1984 चं, म्हणजे राजवाड्याला आग लागली त्याच वर्षीचं. यंदा बाहेरून रंग काढायला परांची बांधली, आणि खरवडताना पश्चिमेच्या खिडकीवरच्या लिंटलचा, म्हणजे वरच्या विटा पेलणाऱ्या काँक्रीटच्या आडव्या तुळईचा, हातभर लांब पोपडा खाली आला. आत तांबूस, फुगलेला सरिया. (सळईला आमच्या घरात सरियाच म्हणतात.) ठेकेदार म्हणाला, "पुट्टी भर देंगे, दिखेगा नहीं." काकांनी माळव्याच्या काळ्या मातीला दोष दिला, आणि शेजारच्या काकूंचं निदान होतं, नैर्ऋत्येला खिडकी ठेवली की असंच होतं.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, पाया हलवते, हे खरं. पण तिची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघते. आमची भेग आडवी होती, सरियाला अगदी समांतर. अशी भेग पायाकडून येत नाही, लिंटलच्या पोटातून येते.

वरच्या विटांच्या वजनाने लिंटल किंचित वाकतं. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच. म्हणून सरिया तळाशी घालतात. तो तिथे वर्षानुवर्षं गंजत नाही, कारण सिमेंटमधला चुना. त्यामुळे काँक्रीटचा पीएच 12.5 ते 13 राहतो आणि इतक्या अल्कलीत लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म, घट्ट पापुद्रा धरतो. तेच त्याचं चिलखत.

आता मला या प्रकरणात सर्वांत आवडणारी गोष्ट. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो आणि चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा याच क्रियेने दगडासारखा होतो. काँक्रीटही याने कमजोर होत नाही, उलट थोडं कठीणच होतं. पण पीएच 9 च्या आसपास उतरतो आणि सरियाचं चिलखत गळून पडतं. हवा चुन्याला घडवते आणि आरसीसीला बिघडवते, क्रिया एकच.

तिची चालही पाहण्यासारखी आहे. कार्बन डायऑक्साइडला दरवेळी आधी बदललेला थर ओलांडून पुढे जावं लागतं. थर जितका जाड, तितकी पुढची गती कमी. गती खोलीच्या व्यस्त प्रमाणात असली, की खोलीचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दुप्पट खोल जायला चौपट वर्षं. सरियावरचं काँक्रीट, ज्याला कव्हर म्हणतात, निम्मं ठेवलं तर आयुष्य निम्मं होत नाही, पाव होतं.

खोली मोजायला शाळेतलं फेनॉल्फ्थेलीन पुरतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारायचं. चुना शाबूत तिथे गुलाबी, संपला तिथे रंग नाही. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, त्याच जातीचा हा खेळ. हळद मात्र फार लवकर लाल होते, म्हणून इथे ती नको. आमच्याकडे गुलाबी रंग 15 मिमी आत सुरू झाला, आणि सरिया होता अवघ्या 10 मिमीवर! ओतताना कुणी कव्हर ब्लॉक, म्हणजे सरियाला साच्यापासून दूर धरणारे छोटे ठोकळे, ठेवलेच नव्हते. 41 वर्षांत 15 मिमी, तर 10 मिमीला सुमारे 18 वर्षं. म्हणजे 2002 पासून सरिया उघडा. पुढचं काम ग्रिलच्या टोकाशी झिरपणाऱ्या पावसाने केलं. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, आणि काँक्रीट ताणात फाटतं. नैर्ऋत्येचा दोष म्हणाल तर इतकाच, की आपला पावसाळा तिकडून येतो.

पुट्टीने हे थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. "दहा वर्षं गॅरंटी" वाल्या रंगानेही नाही. आधी खिडकीत टेकू लावायचे. मग सैल काँक्रीट सरियाच्या मागेही बोटभर फोडायचं आणि तार-ब्रशने लोखंड उजळ करायचं. गंज संपला तिथेच थांबायचं नाही, थोडं पुढेही फोडायचं. ताज्या, अल्कलीयुक्त मसाल्यातला सरिया आणि शेजारच्या जुन्या, बदललेल्या काँक्रीटमधला सरिया यांची विद्युत बॅटरी बनते आणि शेजारचा भाग आधीपेक्षा जोरात गंजतो. दुरुस्तीच्या कडेलाच दोन-चार वर्षांत नवी भेग दिसते ती बहुधा यामुळेच. सरिया फार बारीक झाला असेल तर जोडीला नवा. मग गंजरोधक लेप, पॉलिमर मिसळलेला मसाला, आठवडाभर पाणी. आणि लिंटलच्या खालच्या बाजूला, कडेलगत बोटभर रुंद खाच. पाणी तिथून सुटून खाली पडतं, चिकटून आत सरकत नाही. ही खाच फुकट असते, तरी निम्म्या घरांवर मला ती दिसत नाही.

पूर्वेच्या खिडकीचाही एक टवका काढून फवारलं. तिथेही 15 मिमी, पण सरिया 25 मिमीवर. हिशेब केला: 41 गुणिले 25/15 चा वर्ग, साधारण 114 वर्षं. अजून 73 बाकी. तिथे टवका बुजवून नुसता रंग मारायला सांगितलं.