सरकारी रायफल म्हणजे स्वतःची बाइक नव्हे

मालवणच्या जेटीवर एक गजाल वर्षानुवर्षं ऐकू येते: पोलीस आपल्या रायफलीला हवी ती दुर्बीण, हवा तो टॉर्च लावून घेतो. तसं नसतं. ७.६२ मिमी गोळीची एसएलआर रायफल असो वा ५.५६ची इन्सास, ती सरकारी मालमत्ता. नंबरानिशी नोंद करून मिळते, दुरुस्ती आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे. शिवाय दुर्बीण नुसती चढवून भागत नाही. प्रत्यक्ष गोळ्या झाडून नेम जुळवावा लागतो, नि माउंट (दुर्बीण धरून ठेवणारी पकड) सैल झाला की तोही हुकतो. हेलकावणाऱ्या बोटीत खरा आधार रायफल अंगावर अडकवायच्या साध्या पट्ट्याचा. हात मोकळे राहतात. खारी हवा आहे म्हणून तेल थापणंही चूकच (इथे भलेभले फसतात). तेलाचा पातळ थर पुरे, जादा तेलाला वाळू चिकटते. नळी मात्र झाडण्यापूर्वी कोरडी पुसलेली हवी.