कमाई कमी झाली, घराचा हप्ता तेवढाच आहे? बँकेत जाण्याआधी हे वाचा

आमचं छोटं कार्यालय रत्नागिरीत आहे. लांजा-राजापूरपासून देवगड-मालवणपर्यंतच्या लोकांच्या घरकर्जाची कामं आम्ही करतो. नवं कर्ज हवं असलेला माणूस वेळेत येतो. हप्ता जड झालेला माणूस मात्र उशिरा येतो आणि त्याच्या पिशवीत बँकेची न उघडलेली पाकिटं असतात. तुमची पाकिटं साचायच्या आत आपली भेट व्हावी, यासाठी हे पत्रक काढलं आहे.

कारणं घरोघरी वेगळी असतात. मुंबईतली नोकरी सुटून मुलगा गावी आला. आखातातून येणारे पैसे थांबले. मोहोर भरपूर धरला होता, पण अवकाळी पावसाने तो काळा पडला. वडील निवृत्त झाले आणि पगाराच्या जागी पेन्शन आली. या सगळ्यांत एक कारण वेगळं आहे, म्हणून ते आधी सांगतो. घरातला कर्ता माणूस गेला असेल, तर हप्त्याचा विचार करण्याआधी कर्जाची फाइल काढा. कर्ज घेताना बऱ्याच जणांनी कर्जाला जोडलेला आयुर्विमा घेतलेला असतो, त्याचा प्रीमियमही कर्जातच धरलेला असतो आणि घरच्यांना त्याची आठवण नसते. सँक्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र) आणि पहिल्या वर्षाचं खातेपत्रक नीट वाचा. तो विमा निघाला, तर उरलेलं कर्ज विम्याच्या पैशातून फिटू शकतं आणि पुढचं सगळंच बदलतं.

हप्ता चुकण्याआधी बोला

हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. हप्ता एक दिवस जरी उशिरा झाला, तरी बँकेच्या हिशेबात खातं थकीत होतं. ३० आणि ६० दिवसांना त्याचा वर्ग बदलतो आणि ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरायचं खातं होतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (गहाण घर ताब्यात घेऊन वसुली करण्याचा कायदा) ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. पण आमच्या दृष्टीने खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. सिबिलवर (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालावर) उशिराची नोंद पडली की दुसरी बँक तुमचं कर्ज घ्यायला कचरते. सगळे हप्ते वेळेवर गेलेले असताना तुमच्यासमोर चार वाटा असतात. दोन हप्ते थकल्यावर एखादीच उरते, तीही महाग.

हप्ता भरण्यासाठी खासगी सावकाराकडे जाऊ नका. क्रेडिट कार्डवरून पैसे काढून घराचा हप्ता भरू नका. कार्डावरचं व्याज घराच्या व्याजाच्या कितीतरी पट असतं. दागिने गहाण ठेवायचे असतील, तर ते परत सोडवायला पैसे कोणत्या महिन्यात येणार, हे आधी ठरवा.

पहिलं दार स्वतःच्याच बँकेचं

कर्ज दुसऱ्या बँकेत नेऊन देणं हे आमचं काम आहे. तरीही सांगतो, आधी तुमच्या सध्याच्या बँकेत जा. तिथे तीन गोष्टी विचारा.

पहिली, माझं कर्ज कशाला जोडलेलं आहे? १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर) बाहेरच्या दराला जोडावी लागतात. त्याआधीचं कर्ज जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते ते दर) राहिलं असेल, तर थोडी फी भरून ते नव्या पद्धतीत नेता येतं. बऱ्याचदा एवढ्यानेच व्याज कमी होतं आणि कर्ज हलवायची गरजच उरत नाही. हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल, तर तिचा दर तिच्या स्वतःच्या पद्धतीने ठरतो. तरीही दर कमी करून मागा. मागणाऱ्याला मिळतो, हे आम्ही पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला. व्याज कमी झालं की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. कमाई चांगली असताना ते फायद्याचंच आहे. पण आज तुम्हाला दरमहा हातात पैसे हवे आहेत. तेव्हा लेखी अर्ज द्या, की मुदत पहिलीच राहू द्या आणि हप्ता कमी करा.

तिसरी गोष्ट मुदत वाढवण्याची. इथे सही करण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: 'ही वाढ रिस्ट्रक्चरिंग (अडचणीमुळे कर्जाच्या अटी बदलणं) म्हणून नोंदवणार का?' कर्जदार अडचणीत आहे म्हणून दिलेली सवलत बँक तशी नोंदवू शकते, आणि ती नोंद पुढे सिबिलवर दिसते. कधी कधी ती घेण्यावाचून इलाज नसतो. पण घ्यायचीच असेल तर माहीत असताना घ्या.

आकडे मांडून बघू

समजा १८ लाख बाकी आहे, १५ वर्षं उरली आहेत आणि व्याज ९.५ टक्के आहे. हप्ता साधारण १८,८०० रुपये पडतो. व्याज ८.५ झालं आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता साधारण १७,७०० होतो. महिन्याला हजार-अकराशे वाचतात, म्हणजे १५ वर्षांत एक लाख ९० हजारांच्या आसपास.

आता त्याच ८.५ टक्क्यांवर मुदत २० वर्षं केली, तर हप्ता साधारण १५,६०० वर येतो. दरमहा तीन हजारांहून जास्त सुटतात. मात्र शेवटपर्यंत भरायची एकूण रक्कम, आज आहे त्याच वाटेने गेलं असतं त्यापेक्षा सुमारे तीन लाख ६५ हजारांनी वाढते.

म्हणजे व्याज कमी झाल्याने पैसे वाचतात, पण हप्ता फारसा हलका होत नाही. हप्ता हलका होतो तो मुदतीने आणि त्याची किंमत मोजावी लागते. अडचण दोन-तीन वर्षांची असेल, तर मुदत वाढवा आणि हात मोकळा झाला की जास्तीचे पैसे मुद्दलात भरा. वैयक्तिक घरकर्ज बदलत्या दराचं असेल, तर बँक आणि हाउसिंग फायनान्स कंपनी मुदतीआधी फेडीवर दंड लावू शकत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला हे नियम लागू नाहीत. तिथले नियम कर्जरोख्यात वाचावे लागतील.

दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर

नवी बँक तुमची आजची कमाई बघते, कर्ज घेतलं तेव्हाची नाही. सगळ्या हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या साधारण निम्म्याच्या आत बसावी, अशी तिची अपेक्षा असते. म्हणून कमाई घटलेल्या घराला ट्रान्सफर हमखास मिळतं, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. आंबा, होमस्टे, होडी यांचं उत्पन्न खरं असतं, पण ते कागदावर नसतं. त्यातले निदान दोन वर्षांचे पैसे खात्यात आलेले दिसले आणि आयकर रिटर्न भरलेलं असलं, तर बोलता येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांचं पासबुक बघून होडीवाल्याची वर्षाची कमाई ठरवू नका, हेही बँकेला समजावून सांगावं लागतं. ते आम्ही सांगतो.

मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार केलं, तर उत्पन्न जोडलं जातं आणि मुदतही लांबते. पण हे कर्ज पुढची अनेक वर्षं त्यांच्या नावावर दिसेल आणि त्यांना स्वतःचं घर घेताना आड येईल. म्हणून तो निर्णय त्यांना समोर बसवूनच घ्या.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कागदांवर. आपल्याकडचं चिऱ्याचं घर उभं असतं वडिलांनी बांधलेल्या जोत्यावर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या उताऱ्यावर) एक नाव असतं आणि सातबारावर आजोबांपासून चुलत्यांपर्यंत अकरा. त्यातले चार मुंबईत, एक बडोद्याला. आमच्याकडचीच एक फाइल व्याजदर ठरल्यावर तीन महिने अडकली होती, कारण वारस नोंदीचा फेरफार झालेला नव्हता आणि एका आत्याची सही राहिली होती. त्या तीन महिन्यांत त्या घराने जुन्याच दराने हप्ते भरले. चूक आमची होती, सातबारा आम्ही आधी बघायला हवा होता. तेव्हापासून कागद बघितल्याशिवाय आम्ही व्याजदर बोलत नाही.

तुम्हीही सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव किंवा सोसायटीचा जुना बोजा राहिलाय का बघा. जमीन बिनशेती आहे की गावठाणात, हे पाहा. घर खाडीकाठी किंवा किनाऱ्याजवळ असेल, तर बांधकामाच्या परवानगीत सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम) उल्लेख आहे का तेही तपासा. काही कमी असेल तर गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हाच सह्यांचं काम उरकून घ्या.

खर्चही धरा: प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी), व्हॅल्युएशन (घराची किंमत ठरवणं), गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची दुय्यम निबंधकाकडे द्यायची सूचना). हा सगळा खर्च व्याजातल्या बचतीतून दीड-दोन वर्षांत भरून निघत नसेल, तर आम्ही कर्ज हलवू नका म्हणतो. ट्रान्सफरबरोबर बँका टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर जास्तीचं कर्ज, सहज देऊ करतात. त्यातून कार्डाची थकबाकी मिटवायची असेल तर ठीक, रोजच्या खर्चासाठी मात्र नको. जुन्या कर्जाला जोडलेल्या विम्याचं पुढे काय होणार, हेही लेखी विचारून घ्या.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद मिळाले की तलाठ्याकडे जाऊन सातबारावरचा बोजाही कमी करून घ्या. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

आमचे पैसे

कर्ज दुसरीकडे गेलं, तर नवी बँक आम्हाला कमिशन देते. स्वतःच्या बँकेतच काम झालं, तर आम्हाला काही मिळत नाही. तो अर्ज आम्ही तरीही लिहून देतो. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही.

येताना सँक्शन लेटर, वर्षभराचं कर्जखात्याचं स्टेटमेंट, घरातल्या सगळ्यांची सहा महिन्यांची पासबुकं, ताजा सातबारा आणि नमुना ८ आणा. ती न उघडलेली पाकिटंही आणा, सोबत बसून उघडू. शक्यतो नवरा-बायको दोघं या. कागदांच्या झेरॉक्स पुरतात. मूळ कागद आमच्याकडेही ठेवून जाऊ नका.