ट्रान्सीव्हर आणि रेको: बर्फाखालच्या माणसाला कोण शोधणार?

हिमस्खलनाच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांच्या जाकिटाला पुष्कळदा ‘रेको’ची छोटीशी पट्टी शिवलेली असते. ती पाहून ‘म्हणजे बीकन आहेच की’ असा समज होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. बीकन म्हणजे ट्रान्सीव्हर, संकेत सोडणारं आणि पकडणारंही छोटं यंत्र. दोन्हींचा उपयोग गाडलेला माणूस सापडावा हाच, पण शोधायला येणारी माणसं मात्र वेगळी.

रेको पट्टीत बॅटरी नसते, बटण नसतं. फक्त डायोड आणि अँटेना. बचाव पथकाच्या हातातला किंवा हेलिकॉप्टरखाली लटकवलेला डिटेक्टर रडारची लहर सोडतो आणि पट्टी ती दुप्पट वारंवारतेने परतवते. म्हणजे डिटेक्टर घेऊन पथक येईपर्यंत पट्टीचा काही उपयोग नाही.

आणि वेळ तर फारच थोडा असतो. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासाने ही शक्यता जेमतेम एक तृतीयांश उरते. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ कामगार त्यात सापडले, ४६ वाचले, आठ गेले. शोध तिसऱ्या दिवशी संपला. बाहेरची मदत कितीही झटली तरी डोंगरात पोचायला वेळ लागतोच. म्हणून पहिला शोध सोबत्यांनीच घ्यायचा असतो, आणि ट्रान्सीव्हर त्यासाठीच आहे.

तो प्रत्येकाच्या अंगावर, वरच्या जाकिटाच्या आत पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत सोडत राहतो. कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपापलं यंत्र शोधावर टाकतात. एकाचं जरी प्रक्षेपणावर राहिलं, तर सगळे त्याच्याकडेच धावतात. पडद्यावर बाण आणि अंदाजे अंतराचा, मीटरमधला आकडा दिसतो, पण बाण सरळ नेत नाही, चुंबकीय रेषांच्या वळणाने नेतो. नवख्याला वाटतं यंत्र बिघडलं. आकडा ३ च्या आसपास आला की वेग कमी करायचा, यंत्र बर्फालगत धरून आडवं-उभं सरकवायचं, सर्वांत लहान आकडा कुठे येतो ते पाहायचं. तिथून प्रोबची काठी उताराला काटकोनात खुपसायची, २५-२५ सेंटिमीटरवर, गोल गोल बाहेर जात. माणूस लागला की काठी काढायची नाही. खालच्या बाजूने फावड्याने खणायला घ्यायचं.

खणण्यातच सर्वाधिक वेळ जातो. स्खलन थांबताच बर्फ कडक होतो, आणि फावडं नसेल तर हातांनी काही होत नाही. प्रशिक्षणात यंत्रावर तासन्‌तास घालवून खणणं मात्र दहा मिनिटांत उरकतात, हे मला अजिबात पटत नाही. मोबाइलचंही तसंच: शोधताना तो यंत्रापासून निदान अर्धा मीटर दूर ठेवायचा, नाहीतर आकडे भरकटतात. ही सवय वर्गात सांगून लागत नाही, बर्फावर करून घ्यावी लागते.

रेको पट्टी असली तर राहू द्या; ट्रान्सीव्हर बंद पडला किंवा निसटला तर पथकाला तिचाच आधार. पण रोज सकाळी कामाला निघताना एकाने यंत्र शोधावर ठेवून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी प्रक्षेपणावर एकेक करून समोरून जायचं; मग उलट. ही तपासणी ज्याच्या यंत्राने पार केली नाही, त्याला त्या दिवशी उतारावर पाठवू नये.