एक गळा, दोन भुतं

सात-आठ सेकंदांची कृष्णधवल क्लिप. काळोखी गुहा, मागे सरकत जाणारे सांगाडे आणि पुढे एक पांढरंफटक भूत कमरेतून लचकत गातंय. खाली कोणीतरी लिहिलेलं असतं, ‘बेटी बूपचं भुताचं कार्टून’. एवढ्यावरून कार्टून कोणतं ते कळत नाही, कारण अशी कार्टून्स दोन आहेत. दोन्ही न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओची, दोन्हींत नायिका बेटी बूप, आणि दोन्ही भुतांचा आवाज व नाच एकाच माणसाचा, न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये आपला वाद्यवृंद गाजवणाऱ्या कॅब कॅलोवेचा.

पहिलं ‘मिनी द मूचर’, १९३२ सालचं. दुसरं ‘स्नो-व्हाइट’, १९३३ सालचं. (डिस्नेची मोठी ‘स्नो व्हाइट’ १९३७ची, तिचा इथे काही संबंध नाही. पण शोधायला बसलात की तीच आधी पुढ्यात येते.)

सर्वात सोपी खूण सुरुवातीलाच आहे. ‘मिनी’ उघडतं तेव्हा पडद्यावर चित्र नसतंच. खराखुरा कॅलोवे आपल्या वादकांपुढे झुलत, पाय घसरवत उभा असतो. त्याचं याहून जुनं चित्रण आज ज्ञात नाही. ‘स्नो-व्हाइट’मध्ये तो माणूस म्हणून एकदाही दिसत नाही.

पण क्लिपमध्ये सुरुवात कुठली असायला? तेव्हा भुताचं अंग बघा. ‘मिनी’तलं भूत वॉलरसचं आहे, दोन सुळे असलेलं, पोट सुटलेलं धूड. ‘स्नो-व्हाइट’मधलं भूत म्हणजे बेटीचा सोबती कोको विदूषक. राणीचा जादूचा आरसा त्याच्या अंगावरून फिरतो आणि त्याचा लांब तंगड्यांचा पांढरा आकार होतो. दोघं चालतात मात्र सारखीच, कारण चाल उसनी आहे. मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोप नावाचं यंत्र बनवलं होतं, त्याचं पेटंट त्याला १९१७ साली मिळालं. माणसाचं चित्रीकरण करायचं, त्याची एकेक चौकट काचेवर पाडायची आणि वरून गिरवायची. कॅलोवेचा नाच असा गिरवला गेला. वॉलरसचं वजन आणि कॅलोवेची हलकी पावलं यांचा मेळ मुळीच बसत नाही, आणि माझ्या मते अंगावर काटा येतो तो सांगाड्यांमुळे नव्हे, या न जमणाऱ्या जोडीमुळे.

कान उघडे असतील तर काम आणखी सोपं. ‘मिनी’चं गाणं सवाल-जवाबाचं आहे: कॅलोवे ‘हाय-डी-हाय’ म्हणतो आणि बाकीचे ते उचलून परत देतात, शाहिरामागे झीलकरी उभे असावेत तसे. ‘स्नो-व्हाइट’मध्ये ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ आहे. संथ, एकट्या गळ्याचं. इस्पितळात निपचित पडलेली प्रेयसी पाहून आलेला माणूस ते गातो आणि पुढे स्वतःच्याच अंत्यविधीचा बेत सांगतो.

खरा फरक इथे आहे. ‘मिनी’त बेटी जेवणावरून आईबापांशी भांडते. बापाचं डोकं चक्क ग्रामोफोन होऊन बोलणी वाजवत राहतं, आणि ती मित्र बिंबोला घेऊन पळून जाते. रात्री गुहेत वॉलरस भेटतो, वाट चुकलेल्या मिनीची कहाणी ऐकवतो. त्यात अफूच्या अड्ड्याची बोलीही बिनदिक्कत येते. हे पोरांसाठी होतं असं समजू नका. म्हणजे हे भूत वेशीवरच्या म्हाताऱ्याचं काम करतं: घाबरवून पोरीला घरी धाडतं. ती पांघरुणात शिरते आणि पळून जाताना लिहिलेली चिठ्ठी फाटून ‘होम स्वीट होम’ एवढेच शब्द उरतात.

कोकोला कोणालाच घाबरवायचं नाही. बेटी बर्फाच्या पेटीत निजलेली, सात बुटके तिला गुहेतून नेताहेत, आणि तो मागून चालत शोक करतोय. गाण्यात घड्याळाच्या साखळीला सोन्याचं नाणं लावायची गोष्ट येते तेव्हा तो स्वतःच साखळीचं नाणं होतो. दारूचं नाव निघतं तेव्हा बाटली होऊन पेला भरतो. गाण्याचा शब्द आणि भुताचं अंग इतकं एकजीव झालेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. हे चित्र बहुतांशी रोलंड क्रँडल या एका अ‍ॅनिमेटरच्या हातचं, आणि तो एकहाती सूर जाणवतो. ‘मिनी’त भुतं येतात ती वेताळाच्या पालखीसारखी, ज्याला जे सुचलं ते त्याने घुसवल्यासारखी.

१९९४ साली अ‍ॅनिमेशनच्या जाणकारांनी पन्नास सर्वोत्तम कार्टून्स निवडली, त्यात ‘स्नो-व्हाइट’ एकोणिसावं आणि ‘मिनी’ विसावं आलं. त्याच वर्षी ‘स्नो-व्हाइट’ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. एका पायरीचा फरक मला कमीच वाटतो, पण ‘मिनी’वाल्यांशी वाद घालायला मी जाणार नाही.

घोटाळ्यात भर घालायला बेटी-कॅलोवे याच जोडीचं तिसरंही आहे, ‘द ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’, तेही १९३३चं. त्याचीही सुरुवात खऱ्याखुऱ्या कॅलोवेनेच होते. फक्त तिथला डोंगरावरचा दाढीवाला भूत नाही, चांगला जिवंत थेरडा आहे, आणि बेटीला त्याचीच जास्त भीती वाटायला हवी.