आकडे तेच, उत्तरं वेगळी

एकच माहिती आणि एकच प्रश्न ७३ संशोधक-गटांच्या हाती दिला, तर उत्तर साधारण एकच यावं, अशी आपली अपेक्षा असते. समाजशास्त्रज्ञ नेट ब्रेझनाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खरोखरच करून पाहिलं. परदेशातून येऊन स्थायिक होणारे लोक वाढले, की पेन्शन, आरोग्य, बेकारभत्ता अशा सरकारी योजनांना असलेला जनतेचा पाठिंबा घटतो का, हा प्रश्न होता. अनेक देशांत वर्षानुवर्षं झालेल्या जनमत-पाहण्यांचे आकडे सगळ्यांना सारखेच दिले. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गटांनी केलेल्या हजाराहून अधिक विश्लेषणांपैकी निम्म्याहून जास्त विश्लेषणांत ठोस परिणाम दिसला नाही. उरलेल्यांत कुठे पाठिंबा घटलेला निघाला, तर कुठे चक्क वाढलेला.

आकड्यांत कोणी फेरफार केला नव्हता. फरक पडला तो निवडींमुळे. स्थलांतरित मोजायचे म्हणजे देशातले एकूण, की गेल्या काही वर्षांत नव्याने आलेले? सगळे देश घ्यायचे, की फक्त श्रीमंत? पेन्शन आणि बेकारभत्ता यांची उत्तरं एकत्र करायची, की वेगवेगळी तपासायची? यातली प्रत्येक निवड तज्ज्ञांपुढे समर्थनीय ठरू शकते, आणि अशा दहा-वीस निवडींनंतर उत्तर कुठल्या कुठे जातं.

मग या निवडींमागे राजकीय कल होता का? पहिल्या शोधनिबंधात उत्तर जवळजवळ नकारार्थी होतं. संशोधकांच्या आधीच्या मतांवरून निकालांतल्या फरकाचा फारच थोडा उलगडा होत होता. पुढे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोरहास आणि ब्रेझनाउ यांनी हीच माहिती पुन्हा तपासली. स्थलांतराबद्दल प्रत्येकाचं मत काम सुरू होण्याआधीच विचारून ठेवलेलं होतं. स्थलांतराला अनुकूल असलेल्या गटांचे निकाल अनुकूल बाजूला आणि प्रतिकूल गटांचे प्रतिकूल बाजूला झुकलेले त्यांना आढळले, आणि हा झुकाव मुख्यतः विश्लेषणाच्या आराखड्यातून आला होता. टोकाची मतं असलेल्यांच्या आराखड्यांना इतर सहभागी संशोधकांनी गुणही कमी दिले होते. आता बोरहास स्वतः स्थलांतरावर निर्बंध हवेत या बाजूचे म्हणून ओळखले जातात. म्हणजे हाच प्रश्न त्यांच्या विश्लेषणालाही विचारायला हवा, आणि माहिती उघड असल्यामुळे तो विचारता येतो. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

राजकीय मत खोटे आकडे लिहायला लावतं, असं क्वचितच घडतं. काय मोजायचं आणि कशाशी ताडून पाहायचं, हे मात्र ते ठरवू शकतं. याचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे.

पुण्याच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, म्हणजे आदल्याच वर्षी सुरू झालेल्या मानववंशशास्त्र आणि सुप्रजननशास्त्राच्या (निवडक प्रजननाने माणसाचा वंश ‘सुधारू’ पाहणाऱ्या विचाराच्या) संस्थेचे संचालक. याच फिशरनी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून वंशसंकराविरुद्ध भूमिका घेतली होती, आणि नाझी सत्तेवर आल्यावर ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इरावतीबाईंना दिलेला विषय होता मानवी कवटीची असममिती, म्हणजे कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसणं. युरोपीय माणूस अधिक तर्कनिष्ठ असतो आणि त्याची खूण कवटीच्या या असमानतेत सापडेल, अशी फिशर यांची धारणा होती. प्रश्नातच उत्तर पेरलेलं होतं.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशा वसाहतींतून आणलेल्याही होत्या. असममिती सगळीकडे सापडली, पण तिचा वंशाशी संबंध काही निघाला नाही. तो तसा नाही, हे त्यांनी प्रबंधात लिहिलं, आणि तेही त्याच संस्थेत, त्याच मार्गदर्शकाच्या हाताखाली. वसाहतीतून आलेल्या, विशीतल्या एका विद्यार्थिनीसाठी याला किती धैर्य लागलं असेल, याचा विचार करताना मला आजही त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो.

तरीही गोष्ट इतकी सरळ नाही. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजली. त्यातून हाती आलं ते महत्त्वाचं होतं: एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजातीही शरीरमापांत एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या निघत होत्या. पण माणसांचे समूह शरीराच्या मापांनी ओळखायचे, ही पद्धत बर्लिनमध्ये शिकलेल्या शास्त्राचीच होती. फिशर यांचं उत्तर इरावतीबाईंनी नाकारलं. फिशर यांचा प्रश्न मात्र, बदललेल्या रूपात का होईना, त्यांच्याबरोबर पुण्याला आला.