पुलाला पाणी किती?

सांगलीत पावसाचा जोर वाढला की नदीकाठची माणसं एकमेकांना एकच विचारतात, "पुलाला पाणी किती?" पूल म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन, १९२९ साली खुला झालेला. ४० फूट ही त्याची इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे आकडे सरकारचे. घरोघरी मात्र तिसराच आकडा चालतो, मागच्या महापुराचा. सामान उचलायचं की थांबायचं, ते त्यावरून ठरतं.

२००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका घरात त्या पाण्याची खूण भिंतीवर कमरेएवढी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या घरमालकानं खुणेच्या वीतभर वर फळी ठोकून धान्याची पोती रचली. "दोन हजार पाचच्या वर कशाला येतंय?" असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पाणी ५७ फुटांवर गेलं, फळी पोत्यांसकट बुडाली.

अशा माणसांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिलं की, एका बाजूला ठरलेलं नुकसान आणि दुसऱ्या बाजूला कदाचित होणारं मोठं नुकसान असेल, तर बहुतेक माणसं दुसरी बाजू धरतात. घर सोडलं की जनावरांचे हाल, बुडालेला रोजगार आणि मागे कुलूप फुटण्याची धास्ती, हे ठरलेलंच. पाणी दारात येणं मात्र 'कदाचित'. आणि उशीर झाला की निघणंही जिवावरचं होतं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोटच उलटली.

सरकारपुढचा पेचही याच जातीचा, फक्त आकडे मोठे. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. जुलैत धरण मोकळं ठेवलं तर पूर अडवायला जागा राहते. पण पुढे पावसानं पाठ फिरवली तर वीज कुठून करायची, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांना पाणी कुठलं द्यायचं? सांगलीच्या पेठेत होड्या फिरत असताना जत-आटपाडीचा शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असू शकतो. धरण लवकर भरून घेण्याच्या आपल्या सवयीमागे १९७२ च्या दुष्काळाची भीती आहे, असं मला वाटतं. भिंतीवरची खूण तशी ती पाटबंधारे खात्याची खूण.

पूररेषांचा तर भाषेनंच घोटाळा केलाय. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर वर्षांनी ना, मग आपल्या हयातीत नाही. खरा अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि पूर येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता २६ टक्के होते, निळ्या रेषेपर्यंत येण्याची ७० च्या वर. प्लॉट घेताना हा हिशेब कुणीतरी मांडून दाखवायलाच हवा.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेलं. तेव्हा आमची गल्ली इशारा पातळीच्या आधीच रिकामी झाली. त्या घराच्या भिंतीवर आता तीन खुणा आहेत. सगळ्यांत वरची २०१९ ची, दाराच्या चौकटीला टेकलेली. मालकानं नवा माळा तिच्या वीतभर वर बांधून घेतलाय.