विटलेलं अन्न वेगळं, बाधणारं अन्न वेगळं

रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचं झाकण सकाळी काढायचं, हुंगायचं, दोन शितं बोटांत चुरडून पाहायची आणि ‘चांगला आहे की!’ म्हणत कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचा. घरोघरी हे चालतं. भात विटलाय का, एवढंच त्या हुंगण्यातून कळतं. तो बाधेल का, हे कळत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि शिकले-सवरलेले लोकही ते एकच समजतात.

विटलेल्या अन्नाबद्दल फार सांगायला नको. वरणावर फेस, मटकीच्या उसळीला तार, भाजीला आंबूस वास, ब्रेडवर हिरवट ठिपके, हे सगळ्यांना ओळखू येतं. वास आणि चव बिघडवणारे बहुतेक जिवाणू आपल्याला आजारी पाडत नाहीत. तरी असं अन्न टाकूनच द्यावं, कारण ते वाढले तेवढ्या वेळात दुसरेही वाढलेले असू शकतात.

ते दुसरे म्हणजे बॅसिलस सेरियस, स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ही मंडळी. शिजवलेलं, ओलसर आणि आंबट नसलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की ती वाढतात, आणि आजारी पाडण्याइतकी वाढली तरी वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते. फ्रिजमध्ये नाकाचा थोडाफार उपयोग होतो, कारण विटवणारे जिवाणू थंडीतही हळूहळू वाढत राहतात आणि बाधणारे बहुतेक जिवाणू ५ अंशांखाली जवळपास थांबतात. ओट्यावर ३५ अंशांत मात्र बाधणारे झपाट्याने वाढतात आणि वास मागाहून येतो.

आता खरी गफलत. ‘खळखळून एक उकळी आणली की सगळं मरतं.’ उकळीने जिवाणू मरतात हे खरं. पण त्यांनी आधीच अन्नात सोडलेलं विष काही मरत नाही, कारण ते जिवंत नसतंच.

भाताचं उदाहरण घ्या. तांदळावर बॅसिलस सेरियसचे बीजाणू, म्हणजे उकळीलाही दाद न देणारी त्याची सुप्त रूपं, शेतातल्या मातीपासूनच असतात, आणि भात शिजताना ते टिकून राहतात. भात कोमट झाला की ते उगवतात, वाढतात आणि सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष १२१ अंशांवर ९० मिनिटं ठेवलं तरी नष्ट होत नाही. घरातला कुकर कितीही शिट्ट्या केल्या तरी साधारण १२० अंशांपर्यंतच जातो, मग कढईतल्या पाच मिनिटांच्या परतण्याने काय होणार? असा फोडणीचा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि दोष फोडणीतल्या तेलावर जातो. दहीभाताचंही तेच. दह्याच्या आंबटपणाने पुढची वाढ मंदावते, आधी झालेलं विष तसंच राहतं. दहीभात करायचा तर ताज्या भाताचा, किंवा वेळेत फ्रिजमध्ये गेलेल्या भाताचा करावा.

स्टॅफिलोकोकस माणसाकडून येतो: नाकातून, बोटावरच्या चिरेतून, पिकलेल्या पुळीतून. म्हणून शिजवल्यानंतर हात लागतो ते पदार्थ जास्त जोखमीचे. खवा, पेढे, पनीर, पुरणाचे गोळे, उकडून सोललेले बटाटे. याचं विष अर्धा तास उकळूनही टिकतं. उन्हात बाहेर राहून फाटलेल्या दुधाचा कलाकंद करणं म्हणूनच मला अजिबात पसंत नाही. साखर घालून आटवल्याने त्या दुधाचे बाहेर गेलेले तास पुसले जात नाहीत.

उकळीवरचा विश्वास मग आला कुठून? काही ठिकाणी ती खरंच कामी येते. मटणाच्या रश्शात वाढणारा परफ्रिंजेन्स आपलं विष मुख्यतः आपल्या आतड्यात गेल्यावर सोडतो, त्यामुळे रस्सा आतपर्यंत ७५ अंशांच्या वर नेला तर ते जिवाणू मरतात आणि त्रास टळतो. अडचण अशी की त्याच रश्शात स्टॅफिलोकोकस वाढला होता की नाही, हे पातेल्याकडे बघून कळत नाही. सकाळ-संध्याकाळ दूध तापवण्याची रीतही चांगली आहे, पण ती चालते कारण जिवाणू फार वाढायच्या आत दूध पुन्हा तापतं. उकळी वेळेत दिली तर उपयोगाची. रात्रभरानंतर दिलेली उकळी उशिराची असते.

म्हणून विचारायचं ते एवढंच: हे अन्न किती तास बाहेर होतं? दोन तासांपर्यंत चालेल. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि नाशिकला एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो. तास बेरजेने मोजायचे: सकाळी डबा भरेपर्यंतचा अर्धा, जेवताना ओट्यावरचा एक, रात्री पुन्हा काढून ठेवलेला अर्धा, झाले दोन. ‘थंडीत काही होत नाही’ हेही खरं नाही. निफाडचा पारा पाचवर उतरला अशी बातमी असते ती उघड्यावरची. बंद स्वयंपाकघरात तेव्हाही पंधरा-वीस अंश असतातच. माठाच्या गारव्यात ठेवलेलं वरणही पाच अंशांच्या जवळपास पोचत नाही.

मोठ्या पातेल्याची गोष्ट आणखी वाईट. दहा लिटर उसळ किंवा रस्सा झाकून ठेवला तर कडेला गार लागतो, मधे मात्र कित्येक तास कोमट राहतो. वर मिसळीच्या कटासारखी तर्री असेल तर आतली उष्णता अडकते आणि हवा पोचत नाही. परफ्रिंजेन्सला हवा नकोच असते, ४३ ते ४५ अंशांत तो सर्वांत वेगाने वाढतो. शिजवलेलं अन्न ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवं. त्यासाठी भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरा. रश्शाचं पातेलं गार पाण्याच्या टबात ठेवून ढवळा, पाणी कोमट झालं की बदला, मग उथळ डब्यांत वाटून फ्रिजमध्ये ठेवा. ‘गरम ठेवलं की फ्रिज बिघडतो’ या भीतीने पातेलं ओट्यावर ठेवायचं आणि झोपून जायचं, यातूनच निम्मा घोळ होतो. मोठं गरम पातेलं शेजारचं दूध तापवतं, म्हणून ते तसंच आत ठेवू नये, हे बरोबर. छोटे डबे वाफ थांबल्यावर खुशाल ठेवा. भंडाऱ्यात, लग्नात, २०२७ च्या सिंहस्थातल्या अन्नछत्रांतही, पंगत उठेपर्यंत पातेलं आचेवर ६० अंशांच्या वर ठेवणं हाच सोपा उपाय.

बाकीचं पटकन. दही, ताक, लोणचं, चकली, शेव, कुरडया, कोरडी शेंगदाणा चटणी यांना हा तासांचा नियम लागू नाही. आंबटपणा, मीठ किंवा कोरडेपणा त्यांना राखतो. भाकरी, पोळी दुसऱ्या दिवशी चालते. ओल्या नारळाची चटणी चालत नाही. वीज गेली तर दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो.

उपासाच्या भगरीचा प्रकार निराळा. तिथे विष शिजवण्याआधीच, दमट जागी साठवलेल्या दाण्यावरच्या बुरशीतून येतं, आणि शिजवून जात नाही. ताजी शिजवलेली, वाफाळती भगरही म्हणून बाधू शकते. सुटी भगर आणि सुटं पीठ टाळा, तारीख छापलेलं बंद पाकीट घ्या, दाणे निवडून धुऊन घ्या, आणि मागच्या उपासाचं उरलेलं पीठ या उपासाला वापरू नका.

उलट्या-जुलाब सुरू झालेच तर ओआरएसचं पाणी घोट-घोट देत राहा. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, चक्कर किंवा थरथर असेल, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती वा वयस्कर असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे तिन्ही सांगा: दोन तासांत आलेल्या उलटीचं आणि बारा तासांनी लागलेल्या जुलाबांचं कारण बहुधा वेगळं असतं.